सुईच्या सावलीतली रेघ

सबनीस बाई गॅसच्या सिलिंडरलासुद्धा अहो म्हणायच्या. तो स्वयंपाकाच्या मध्येच संपला की कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "अहो, कालच सांगायचं होतंत." जिन्यातली मांजर, दूधवाला, खालचा वॉचमन, सगळ्यांना अहो. कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींनाही त्या अहोच म्हणायच्या, असं त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मला सांगत होती. त्या मुलांना म्हणे आधी हसू यायचं आणि मग भीती वाटायची.

मी कोथरूडला त्यांच्याकडे पोळ्या आणि केरफरशीला लागले तेव्हा पुण्यात येऊन मला वर्षच झालं होतं. आम्ही वाशीमकडचे. नवऱ्याला इथे कारखान्यात काम मिळालं म्हणून आलो. इथली माणसं भराभर आणि स्वच्छ बोलतात, त्यामुळे मी कुठल्याच घरात तोंड उघडत नसे. माझं नाव पंचफुला, पण ते सांगायचीही लाज वाटायची, म्हणून सगळीकडे फुला सांगितलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं. मी फुला म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. "मग उरलेली चार कुणाला देऊन टाकलीत?" म्हणाल्या. त्या दिवसापासून मी पंचफुलाबाई झाले. आयुष्यात मला अहो म्हणणारं ते पहिलं माणूस.

त्यांच्या दारावर पाटी होती, "बेल एकदाच दाबावी. ऐकू गेली आहे." घर तिसऱ्या मजल्यावर, सोसायटी जुनी, लिफ्ट नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक लहानशी अंधारी खोली, तिच्यात पुस्तकं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. बंगळूरला एक भाचा होता, मंदार, तो वर्षातून एकदा येई. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात उजेडाचं शास्त्र शिकवलं होतं. इतरही काय काय शिकवत असतील, पण मला कळलं ते एवढंच.

त्यांची एक सवय माझ्या अंगवळणी पडायला फार दिवस लागले. काहीही सांगा, त्या विचारायच्या, "पाहिलंत की ऐकलंत?" मी म्हणावं, पलीकडच्या इमारतीत चोरी झाली. पाहिलंत की ऐकलंत? मी म्हणावं, दूध नासलंय. पाहिलंत की ऐकलंत? वॉचमन तर त्यांना बघितलं की बातमी गिळूनच टाकायचा. पुढे पुढे मी घरी नवऱ्याला तेच विचारायला लागले, तेव्हा तो म्हणाला, तुला त्या घरात पोळ्यांचे पैसे देतात की पोलिसात भरती केलंय.

ऊन हे बाईंच्या घरात पाहुण्यासारखं येई. सकाळी खिडकीतून तिरीप आली की मला केर काढताना थांबवायच्या. धूळ उडत असायची. त्या म्हणायच्या, जरा थांबा, बघू द्या. मी झाडू धरून उभी. सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारीला वेळ जात नाही. एकदा मी पाण्याने भरलेली परात खिडकीपाशी ठेवली होती, त्याचा हलता कवडसा छतावर पडला, तर त्या पोळी हातात धरून मान वर करून बसल्या, पोळी गार होईपर्यंत.

मी चौथी शिकलेली. पण त्या मला सगळं सांगायच्या, जसं काही मी उद्या परीक्षेला बसणार आहे. एकदा मी रवा चाळत होते. म्हणाल्या, उजेड असा येतो, दाण्यादाण्याने. अर्धा दाणा येत नाही. मग परातीत पाणी होतं, त्यात त्यांनी दोन बोटं एकदम बुडवली. दोन्हीकडून लाटा निघाल्या. जिथे लाट लाटेवर चढली तिथे पाणी जास्त हललं, आणि जिथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खड्ड्यात पडला तिथे पाणी गप्प राहिलं. म्हणाल्या, उजेड असाही येतो.

मला रवा कळला, पाणी कळलं. एकच वस्तू दोन्ही कशी, ते कळलं नाही. फार धीर करून मी तसं सांगितलं.

"छान," बाई म्हणाल्या. "सगळे तिथपर्यंतच आलेत."

मग त्यांनी एका काचेला काजळी लावून तिच्यावर ब्लेडने दोन बारीक रेघा अगदी जवळजवळ ओढल्या आणि ती माझ्या डोळ्याला लावून दूरच्या दिव्याकडे बघायला सांगितलं. मला एक दिवा दिसायच्या ऐवजी पट्टे दिसले. उजेड, अंधार, उजेड, अंधार. किती, म्हणून त्यांनी विचारलं. मी सात म्हटलं. "मला बरं वाटावं म्हणून नको. मोजून सांगा." मी परत मोजले. सातच. दोन फटींतून आलेला उजेड एकमेकांत मिसळतो आणि कुठे कुठे अंधार होतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. उजेडात उजेड घातला तर अंधार होतो, हे मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवऱ्याने मला माझंच विचारलं असतं, पाहिलंस की ऐकलंस, आणि मी पाहिलं होतं.

ज्या वर्षी त्यांना पोटाचा आजार निघाला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात प्रयोगाच्या पेटीचं सुरू झालं. डॉक्टरांकडून आल्या, पिशवी खुंटीला लावली, चहा मागितला. डॉक्टर काय म्हणाले, असं मी विचारलं. म्हणाल्या, गाठ आहे, कापण्यासारखी नाही. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं आणि आजारावर बोलायच्या ऐवजी एका मुलीची गोष्ट सांगितली.

शेवटच्या बाकावरची मुलगी, कधी न बोलणारी. बाई फळ्यावर पट्टे काढून सांगत होत्या की उजेड अगदी कमी केला, इतका कमी की वाटेत एका वेळी एकच कण असेल, तरीही शेवटी हे पट्टे येतातच. एकटा कण, मिसळायला दुसरा कुणी नाही, तरी पट्टे. ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, बाई, तुम्ही पाहिलंय? बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे. मुलगी बसली. वर्गात कुणी हसलं नाही, काही नाही.

"चौतीस वर्षं मी ते फळ्यावर काढलं," बाई म्हणाल्या. "आणि सगळ्यांना विचारत फिरले, पाहिलंत की ऐकलंत."

शंभरेक वर्षांपूर्वी परदेशात एका तरुण माणसाने हा प्रयोग घरच्या घरी केला होता. एक दिवा, काजळी धरलेल्या काचा, एक सुई आणि सुईची सावली पडेल अशी फोटोची पट्टी. उजेड इतका थोडा की फोटो उमटायला तीन महिने लागले. तेवढे दिवस तो म्हणे होडीतून फिरायला गेला. "त्याच्याकडे होडी होती," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे तुम्ही आहात."

तोच प्रयोग घरी करायचा म्हणून दिवा आणायला आम्ही दोघी बुधवार पेठेत गेलो. रिक्षातून उतरल्यावर बाईंना धाप लागत होती, तरी त्या चार दुकानं फिरल्या. सगळीकडे एकच मागणी, सगळ्यांत कमी उजेडाचा दिवा द्या. एक दुकानदार म्हणाला, "आजी, लोक जास्त उजेडाचा मागतात." बाई म्हणाल्या, "लोकांना कमी दिसत असेल." शेवटी त्यांनी वाटाण्याएवढे दोन लाल दिवे घेतले. एक पेटीच्या आत लावायचा आणि एक त्याच तारेवर बाहेर, म्हणजे बाहेरचा लागलेला असला की आतलाही लागलेला आहे, हे पेटी न उघडता कळेल.

फोटोची पट्टी शनिवार पेठेतल्या बर्वे काकांनी दिली. त्यांचं जुनं फोटोचं दुकान. आता सगळं कॉम्प्युटरवर करतात, पण मागची अंधारी खोली त्यांनी मोडली नव्हती. ते आणि बाई शाळेत एका वर्गात होते आणि तेव्हापासून एकमेकांना टोमणे मारत होते. काका म्हणाले, "तीन महिने लागणारा फोटो? एवढ्या वेळात माझ्याकडचं गिऱ्हाईक लग्न करून घटस्फोटाचे फोटो काढायला येतं."

काचा मात्र माझ्यामुळे झाल्या. बाई मेणबत्तीवर काच धरायच्या, तर काजळी कुठे दाट, कुठे विरळ, आणि पुसली की जायची. मला हसू आलं. आमच्याकडे लेकरांसाठी काजळ घरीच धरतात. मी तेलाची पणती लावली, वात बारीक केली, काच तव्यासारखी वर टेकवली आणि सरकवत सरकवत चार काचा केल्या, एकसारख्या, धुरकट. बाईंनी एकेक खिडकीकडे धरून बघितली. मग म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेत तुम्ही असायला हव्या होतात." नाकाला काजळी लागली होती त्यांच्या. मी सांगितलं नाही. दिवसभर तशाच होत्या.

पेटी लाकडी, हातभर लांब, आतून काळी रंगवलेली. एका टोकाला दिवा, पुढे काचा, मध्ये माझ्याच शिवणाच्या डब्यातली सुई उभी, तिच्या दोन बाजू म्हणजेच दोन फटी, दुसऱ्या टोकाला पट्टी. मागच्या अंधाऱ्या खोलीत वाळू भरलेल्या परातीवर ती ठेवली, म्हणजे जिन्यात कुणी धाडधाड चढलं तरी हादरा बसू नये. मग बाईंनी मला एक दोनशे पानी वही दिली. रोज तारीख घालायची आणि लिहायचं, दिवा चालू आहे की नाही, पेटी हलली का, आणखी काही घडलं का. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही नीट. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलत नाही ते मला चालतं, पण वहीत गप्प बसायचं नाही. जे झालं ते सगळं लिहायचं, चांगलं-वाईट ठरवायचं नाही.

तेव्हापासून मी लिहायला लागले. "दिवा चालू आहे. पेटी हलली नाही." रोज एवढंच. कधी, "वरच्या मजल्यावर फर्निचर सरकवलं." कधी, "वीज गेली होती. तासभर बॅटरीवर चालू राहिला." बाई रोज दुपारी ते वाचायच्या आणि खाली सही करायच्या. मला चौथीनंतर पहिल्यांदाच कुणी वही तपासत होतं.

अडीच महिने झाले आणि खंडेनवमी आली. बाईंना आदल्या दिवसापासून फार दुखत होतं. गोळीने झोपल्या होत्या. माझे वडील सुतार. खंडेनवमीला आमच्या घरी करवत, रंधा, पटाशी सगळं पेटीतून बाहेर काढायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, ओवाळायचं. बंद पेटीला नमस्कार करून चालत नाही, वडील म्हणायचे, हत्याराला तोंड दाखवायचं. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं. मी मागच्या खोलीत गेले. ती पेटी अडीच महिने राबत होती, आणि बाईंसाठी राबत होती. मी मनात म्हटलं, हिची पूजा झाली नाही तर कुणाची व्हायची.

आत उन्हाचा उजेड जायला नको, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी खिडकी लावली, दाराखाली चादर घातली, खोली पार अंधारी केली. मग निरांजन लावलं. आत दिवा तर लागलेलाच आहे, मग निरांजनाचं काय, असं मला वाटलं. दिव्याला दिवा दाखवायचा. मी झाकण काढलं. पेटी जराही हलू दिली नाही. सुईच्या लाकडी बुडाला हळदकुंकवाचं एकेक बोट लावलं, झेंडूचं एक फूल कोपऱ्यात ठेवलं, पाच वेळा ओवाळलं. बाईंना बरं वाटू दे म्हटलं. झाकण लावलं. आणि वहीत लिहिलं, "दिवा चालू आहे. पेटी हलली नाही. आज पेटीची पूजा केली. खिडकी बंद होती."

दुपारी बाई उठल्या. मी त्यांना भाताची पेज दिली. त्यांनी नेहमीसारखी वही मागितली. वाचली. परत वाचली. मी समोरच उभी होते, शाबासकी मिळेल म्हणून.

"झाकण काढलं होतंत?"

मी हो म्हटलं.

"ओवाळलंत?"

"पाच वेळा."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. पेजेवर साय धरली. मग म्हणाल्या, "आता नैवेद्यही दाखवा. त्याला एकट्याला उपाशी ठेवू नका."

मला तो टोमणा आहे हे कळायलाही वेळ लागला. त्यांनीच मग सांगितलं, सावकाश, शिकवतात तसं. काजळीच्या चार काचांतून थेंब थेंब गळत पट्टीवर तीन महिन्यांत जेवढा उजेड जमायचा होता, त्याच्या कितीतरी पट एका निरांजनाने क्षणात दिला होता. पट्टी गेली. मी रडायला लागले तर म्हणाल्या, पेज गार होतेय, ती आधी घ्या, गरम करून आणा. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले असते.

मी गेले नाही. दसरा गेला, नंतरचाही दिवस गेला. नवऱ्याला अंग दुखतंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वस्तीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आमच्या खोलीपर्यंत रिक्षा येत नाही, चढ आहे आणि मध्ये गटाराची फरशी. बाई काठी घेऊन, दर दहा पावलांवर थांबत वर आल्या. शेजारच्या बाया नळ सोडून बघत राहिल्या. मी दारात उभी, हातात पीठ. त्या माझ्या उंबऱ्यावरच बसल्या, श्वास घेतला, पाणी प्यायल्या.

मग म्हणाल्या, बर्वेंनी पट्टी धुतली, पूर्ण काळी आली. ती मी वहीत चिकटवली आहे, कारण तोही निकाल आहे. आणि मग, "पेटी परत लावायचीय. काजळी कोण धरणार?"

मी म्हटलं, बाई, माझ्या हातून झालं ते.

"तुमच्या हातून झालं ते तुम्ही लिहून ठेवलंत," त्या म्हणाल्या. "मी उघडायचं नाही असं सांगायला विसरले. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. चला."

नवीन पट्टी, नवीन काचा, परत पहिला दिवस. ह्या वेळी त्यांनी पेटीवर पाटी लावली, "उघडू नये. देव आत आहेत." मला हसवायला लावली होती, हे मला कळलं.

पण तीन महिने म्हणजे संक्रांत. आणि बाई दिवाळीपर्यंतच निम्म्या झाल्या होत्या. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. जेवण म्हणजे दोन चमचे. मी पोळ्या करायच्या थांबवल्या, करून कुणी खात नव्हतं. मनात एकच हिशोब चालायचा, किती दिवस गेले, किती उरले, आणि त्या तेवढ्या उरतील का. अडीच महिने मी खाऊन टाकले होते. ते नसते खाल्ले तर त्यांनी दिवाळीच्या आधीच आपल्या डोळ्यांनी बघितलं असतं.

एक दिवस मी धीर करून म्हटलं, बाई, चारातल्या दोन काचा काढल्या तर? उजेड जास्त जाईल, फोटो लवकर होईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते वर्गातल्या हुशार मुलीकडे बघावं तसं. म्हणाल्या, बरोबर, होईल. आठ दिवसांत होईल. पण मग एकेक कण राहणार नाही, घोळक्याने जातील, आणि घोळक्याचे पट्टे आपण दोघींनी त्या ब्लेडच्या काचेतून पाहिलेच आहेत. मला ते नकोय. एकटा जाणारा कसा जातो, ते बघायचंय.

मी म्हटलं, आणि नाही बघायला मिळालं तर?

"तर नाही," म्हणाल्या. "पट्टे मी बघते म्हणून येत नाहीत."

बर्वे काका अधूनमधून येऊन बसायचे. टोमणे कमी झाले होते. एकदा जाताना त्यांनी मला दारात विचारलं, पट्टी आत्ताच काढून धुतली तर थोडंफार उमटलं असेल, तिला दाखवू या का. मी आत जाऊन विचारलं. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, बर्वेंना शाळेतसुद्धा पेपर वेळेआधी द्यायची सवय होती. त्यांना सांगा, नापास व्हायचे.

मार्गशीर्षात त्यांना दवाखान्यात हलवलं. मंदार बंगळूरहून आला होता. मी रोज सकाळी बाईंच्या घरी जाऊन वही लिहायचे. दुपारी दवाखान्यात मात्र जाता आलं नाही. आत घरच्या एकालाच सोडत होते. तिसऱ्या दिवशी मंदारने फोन केला. मी फोन घेतला तेव्हा पेटीसमोरच होते. बाहेरचा लाल दिवा चालू होता. संक्रांतीला तेवीस दिवस होते.

सगळं आटोपल्यावर मंदार घर आवरायला आला. चांगला माणूस. माझ्याशी नीट बोलला, पगार दिला, बाईंच्या दोन साड्या दिल्या. मग म्हणाला, मी उद्या निघतो, मेन स्विच बंद करून जातो. आणि स्विचपाशी गेला.

मी कुणाच्या घरात असा आवाज काढला नव्हता. मी म्हटलं, "बंद करू नका."

तो थांबला. मी वही आणून त्याच्या हातात दिली. तो उभ्याउभ्याच वाचायला लागला. पानंच्या पानं, दिवा चालू आहे, पेटी हलली नाही. खाली बाईंच्या सह्या, सुरुवातीला ठसठशीत, मग वाकड्या, मग नुसती एक रेघ, मग काहीच नाही. मध्येच ती काळी पट्टी चिकटवलेली आणि खाली बाईंच्या अक्षरात एकच शब्द, पूजा. तो खाली बसला. बऱ्याच वेळाने वही परत दिली, आणि घराची किल्लीही.

उरलेले दिवस मी रिकाम्या घरात गेले. केर काढायचं काही नव्हतं, तरी काढला, मागच्या खोलीपासून लांब, हळू. ऊन यायचं, धूळ उडायची, मी थांबायचे. वहीत लिहायचे. सहीची जागा सोडायचे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. अंधार करून त्यांनी पट्टी काढली, डबीत घातली, आणि मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. मागच्या खोलीत त्यांनी आधी ती धुतली. ती वाळल्यावर तिच्यावरून मोठा कागद काढला. तो पाण्यासारख्या औषधात बुडवला आणि लाल दिव्याखाली आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. कागद कोरा. कोरा. काका खोकले. मग मधोमध एक करडी पट्टी यायला लागली, ती सुईची सावली. तिच्या दोन्ही बाजूंना पट्टे. अगदी फिके, पण होते. उजेड, अंधार, उजेड, अंधार. आणि सावलीच्या बरोबर मध्ये, जिथे सगळ्यांत जास्त अंधार असायला हवा, तिथे उजेडाची एक बारीक रेघ होती.

काकांनी चष्मा काढला. मी पट्टे मोजले. बरं वाटावं म्हणून नाही, मोजून. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. ते वहीत लिहिलं. त्याखाली लिहिलं, "पाहिलं."

तो कागद आता माझ्याकडे आहे. वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर हे लिहिते आहे. पण बाई म्हटलं की मला तो कागद आठवत नाही. त्यांना दवाखान्यात नेलं ती सकाळ आठवते.

लिफ्ट नव्हती, म्हणून रुग्णवाहिकेच्या दोन माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. मंदार पुढे पिशवी घेऊन उतरला होता. खुर्ची मागच्या खोलीच्या दारावरून जायला लागली. ती माणसं घाईत होती, बूट वाजत होते. बाईंची मान एका बाजूला कलली होती. मला वाटलं, शुद्ध नाही. पण त्यांनी एक बोट उचललं.

"अहो, हळू चाला," म्हणाल्या. आवाज इतका बारीक की त्या माणसाला वाकावं लागलं. "आत काम चालू आहे."

ते दोघे खरंच हळू चालायला लागले. मी चपला घातल्या, दार ओढायला गेले, बरोबर निघणार होते. खुर्ची जिन्याच्या वळणावर टेकली होती. बाईंनी मान जेवढी वळत होती तेवढी वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, तू थांब," म्हणाल्या. "आजचं लिहायचं राहिलंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग ती माणसं एकेक पायरी सांभाळत वळली, आणि मला फक्त त्यांचे पांढरे केस दिसले, मग तेही नाही.

मी चपला काढल्या आणि आत गेले.